फ्रायडेच्या शेजारी कोण बसलं?

विषय १९८७च्या ‘ड्रॅगनेट’ सिनेमाचा दिलाय, पण आधी मूळ मालिकेबद्दल थोडं बोलू द्या. थोडंच. जॅक वेबनं ती १९४९ला रेडिओवर आणली, १९५१ला टीव्हीवर. लॉस एंजेलिसचा पोलीस सार्जंट जो फ्रायडे, बिल्ला क्रमांक ७१४. ही भूमिका वेबचीच. गोष्टी पोलिसांच्या फायलींतल्या, नावं तेवढी बदललेली. आणि वेबचा हट्ट काय, तर नटांनी अभिनय करायचा नाही! पाठांतर नको, टेलिप्रॉम्प्टरवर बघून वाचा. आपल्याकडे हौशी नाट्यस्पर्धांत हे कुणी न सांगताच साधतं, ते असो. त्यामुळे खुनी, साक्षीदार, शेजारीण, सगळे रेल्वेच्या उद्घोषणेसारखे एका सुरात बोलतात.

आता याची टिंगल करायला वेगळं काही करावं लागतं का? १९५३मध्ये स्टॅन फ्रीबर्ग या विनोदवीरानं एक तबकडी काढली. दंतकथेतला ड्रॅगन मारणारा संत, सेंट जॉर्ज, ड्रॅगनला पकडायला निघतो, पण थेट फ्रायडेच्या सुरात, चौकशी करत करत. आरोप काय? मोसम नसताना कुमारिका खाल्ल्या! ड्रॅगन चवताळतो, गर्जना करतो, तेव्हा हा शांतपणे आणखी एक कलम लावतो: अति-अभिनय. अहो, वेबची सगळी नाट्यदृष्टी त्या एका कलमात आली! तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. आणि १९८२ला वेब वारला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यानं ७१४ क्रमांक सन्मानानं निवृत्त केला. पडद्यावरच्या सार्जंटचा! खऱ्या फौजदारांना पेन्शनसाठी किती हेलपाटे घालावे लागतात, ते पहिल्या रांगेतले काहीजण सांगतील.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर सिनेमा, म्हणजे त्याच मालिकेचं विडंबन. डॅन अॅक्रॉइड हा फ्रायडेचा पुतण्या, नावही तेच. तोच सूट, तेच केस, तोंडात नियमावली. जुन्या मालिकेतला जोडीदार हॅरी मॉर्गन इथे कॅप्टन झालाय. इथपर्यंत झकास. पण अॅक्रॉइडच्या शेजारी बसवलाय टॉम हँक्स, आणि घोडं तिथे अडतं. विडंबनात आपण विनोदी आहोत हे कुणालाच ठाऊक असता कामा नये. जोडगोळीच्या सिनेमाला मात्र एक चेष्टेखोर शहाणा लागतोच. अॅक्रॉइड बोलतो, आपल्याला हसू फुटणार, तेवढ्यात हँक्स डोळे फिरवून विनोद समजावून सांगतो! शेवटी तर नेहमीचा पाठलाग आणि गोळीबार. पुढच्याच वर्षी ‘द नेकेड गन’ आला. सहा भागांत गुंडाळलेल्या मालिकेतून निघालेला. त्यात लेस्ली नील्सन गंभीर, आणि भोवतालचेही गंभीर. हँक्सला तिथे नेऊन बसवा, दहा मिनिटांत सिनेमा झोपेल.

हो, हो, थांबतोच. प्रश्न चहानंतर. ‘सीआयडी’तल्या दारांबद्दल मात्र काही विचारू नका.