जाळं फाटलंय की नाही?

नमस्कार मंडळी. मागून जरा आवाज येईल. आपण मालवणच्या बंदरावर आहोत आणि लाटा काही माझं ऐकत नाहीत.

बरेच जण विचारतात, माझी कथा तयार आहे, तिचं नाटक करू का? करा की! पण संवादांपुढे नावं टाकली म्हणजे नाटक झालं, असं नसतं.

एकच प्रसंग घेऊ आणि तो वेगवेगळ्या प्रकारांत लिहून पाहू. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. १ ऑगस्ट उजाडला, तरी एक तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, समुद्रावर गेला नाही. घाबरलाय. बास, एवढंच.

बातमीत हा माणूस बसतच नाही. 'बंदी उठली, पण वाऱ्यामुळे बऱ्याच नौका बंदरातच' हे पहिल्या वाक्यात आलं, की पुढचं कापलं तरी चालतं.

कथेत तो पहाटे जाळं खांद्यावर टाकून पुळणीपर्यंत जातो, मागे फिरतो, जाळं पडवीत टांगतो. हवं तर त्याच्या मनात शिरायची मला मुभा आहे.

नाटकात ती मुभा गेली. बायको विचारते, "दर्यार गेलात नाय?" तो म्हणतो, "जाळां फाटलां हा." आणि प्रेक्षकांसमोर धडधाकट जाळं लटकतंय! खोटं तिथल्या तिथे उघडं.

हेच रेडिओवर लावा. जाळं दिसतच नाही. ऐकणाऱ्याला वाटणार, फाटलं असेल बिचाऱ्याचं. मग बायकोला आणखी एक वाक्य द्यावं लागतं: "खंय फाटलां? काल रातीच मिया शिवलंय मां!" त्यावर तो गप्प. ही शांतता संहितेत कंसात लिहून ठेवा हां, नाहीतर रेकॉर्डिंगच्या घाईत ती पहिली उडते.

कवितेला कदाचित तांडेलही नको, नुसती पडवी पुरेल. वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर कविता लिहायचे 'आरती प्रभू' या नावानं; कादंबऱ्या, नाटकं स्वतःच्या नावानं. तुम्ही दोन नावं घ्या असं म्हणत नाही, पण कागद तरी वेगळा घ्या.

आणि आपलं कोकणातलं लोकनाट्य, दशावतार? तिथे लिहिलेले संवादच नसतात. कथानक ठरतं, भूमिका ठरतात, बोलायचं ते नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. आख्यान पुराणातलं, म्हणजे आपला तांडेल राजा होणार आणि जाळ्याचं धनुष्य. "धनुष्य मोडलंय" म्हणून तो युद्ध टाळणार. राणीनं तेच धनुष्य भर दरबारात आणून ठेवलं, की पुढचं त्याचं त्यानं निस्तरायचं. लेखकाला तिथे विचारतो कोण!