छातीवरचा डाग आणि परदेशचा व्हिसा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात डिचोलीचं एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं. ती नर्स, न्यूझीलंडमध्ये नोकरी ठरलेली. तो खाणीवर मशीन चालवायचा. २०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हापासून मिळेल ते काम. त्यानं एक्स-रे टेबलावर ठेवला आणि विचारलं, "डॉक्टरबाई, हा डाग काढून टाकता येईल?"

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला जुना वण होता. कॉलेजात असताना त्याला टीबी झाला होता, सहा महिने गोळ्या घेतल्या आणि बरा झाला. एजंटानं सांगितलं होतं, की फॉर्मवर टीबी लिहूच नका, कुणी विचारलंच तर न्यूमोनिया झाला होता म्हणा.

छातीच्या रोगांची डॉक्टर म्हणून हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे, की तो कुठून येतो तेही मला कळून चुकलं आहे. तो आखातातून येतो. आपल्या गोव्यात कुवेत, बहारीन, दुबईला माणसं पिढ्यान् पिढ्या जात आली. मामा गेला, मग त्यानं भाच्याला बोलावलं. मेडिकलला उभं राहायचं आणि फिट की अनफिट, एवढंच कळायचं. वीस वर्षांपूर्वी बरा झालेला टीबी एक्स-रेत दिसला म्हणून अनफिटचा शिक्का बसलेली माणसं माझ्यासमोर रडली आहेत. दाद कुठं मागायची ते त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यामुळे घराघरांत एकच शिकवण मुरली, की आजार सांगायचा नाही.

तीच शिकवण न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडाच्या अर्जात घेऊन जाणं घातक आहे, आणि आज मी त्यासाठीच बोलायला बसले आहे.

कायमच्या वास्तव्याचा अर्ज येतो तेव्हा हे देश मुख्यतः दोन गोष्टी बघतात. या माणसामुळे इतरांना संसर्ग होईल का? आणि याच्या उपचाराचा आमच्या सरकारी व्यवस्थेवर किती भार पडेल? पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळा देते. जुना डाग दिसला, तर ओळीनं तीन दिवस सकाळची थुंकी घेतात, कल्चरला लावतात, म्हणजे तिच्यात टीबीचे जंतू वाढतात का ते बघतात, आणि त्याचा निकाल यायला आठ आठवडे लागतात. हे आठ आठवडे फार जड जातात. पण कल्चर निगेटिव्ह आलं आणि उपचार पूर्ण केल्याचे कागद असले, की बरा झालेला टीबी हा सहसा अडथळा राहत नाही. भारतात राहून ब्रिटनचा सहा महिन्यांहून जास्त काळाचा व्हिसा मागणाऱ्यांनाही टीबीचं सर्टिफिकेट लागतं. नवऱ्यामागून जाणाऱ्या बायकांना हे पुष्कळदा ऐनवेळी कळतं. आणि सर्टिफिकेट त्या देशानं मान्य केलेल्या केंद्रातूनच आणावं लागतं. तुमचे फॅमिली डॉक्टर किंवा मी लिहून दिलेलं चालत नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. उपचाराच्या अंदाजे खर्चाला हे देश मर्यादा घालतात, आणि तिचे आकडे उघड आहेत. न्यूझीलंडनं ही मर्यादा २०२२ मध्ये ४१ हजार डॉलरांवरून ८१ हजारांवर नेली. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून ती ८६ हजार आहे. कॅनडात २०२५ साली वर्षाला २७,१६२ डॉलर होती. हे डॉलर अर्थातच त्या त्या देशाचे. उपचाराचा अंदाजे खर्च याच्या आत असला, तर निव्वळ आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. ताब्यात असलेला रक्तदाब, गोळ्यांवर राहणारी साखर यांना माणसं उगीच घाबरतात. एचआयव्हीच्या बाबतीतही काळ बदलला आहे. अमेरिकेनं एचआयव्ही असलेल्यांवरची प्रवेशबंदी २०१० च्या जानेवारीतच काढून टाकली.

खर्च मर्यादेबाहेर गेला तर? तिथं मेडिकल वेव्हर येतो. वेव्हर म्हणजे आरोग्याच्या अटीतून सूट. बाकी सगळ्या अटी पुऱ्या होत असतील, तर न्यूझीलंडचा अधिकारी बघतो, की या माणसाचं तिथं कुणी जवळचं आहे का, तो त्या देशाला काय देऊ शकेल, आणि त्याच्यापुढे खर्च किती. म्हणजे तुमचं म्हणणं मांडायला जागा आहे. आखाताच्या मेडिकलमध्ये आपल्या माणसांना ही जागा कधी मिळाली नव्हती, म्हणून ती दिसली तरी विश्वास बसत नाही.

मात्र ती सगळीकडे नाही, हेही स्पष्ट सांगते. ऑस्ट्रेलियात जोडीदाराच्या व्हिसाला सूट मागता येते, पण गुणांवर मिळणाऱ्या स्वतंत्र कुशल व्हिसाला ती मुळीच नाही. डायलिसिसवर असलेल्या माणसाला न्यूझीलंड वेव्हर देत नाही. चालू टीबी असेल तर आधी तो बरा करावा लागतो. डायलिसिसवरच्या सासूबाईंना सोबत नेण्यासाठी एका सुनेनं मला पत्र लिहून मागितलं होतं. मी तिला खोटी आशा दाखवली नाही, आणि त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

आता लपवण्याबद्दल. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. ऑस्ट्रेलियात सहसा तीन वर्षं. ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षं. आणि टीबीचा डाग लपत नाही हो! फुप्फुसाच्या वरच्या टोकाला असा वण दिसला, की तपासणाऱ्या डॉक्टरच्या मनात टीबीचाच संशय येतो. ज्या आजारावरून कुणी नाकारलं नसतं, त्याच्या पायी माणूस खोटारडा ठरतो. हे मला फार लागतं.

त्या डिचोलीच्या मुलाला मी म्हटलं, घरी जा आणि जुने कागद शोध. त्याच्या आईनं गोळ्यांचं कार्ड देवघरातल्या फळीवर, पंचांगांच्या गठ्ठ्यात जपून ठेवलं होतं. ते कार्ड, तेव्हाचा एक्स-रे आणि आताचा, दोन्ही शेजारी ठेवले. डाग तसूभरही वाढलेला नव्हता. फॉर्मवर त्यानं टीबी लिहिला, वर्ष लिहिलं. थुंकी दिली. आठ आठवडे बायको रोज ईमेल उघडून बघायची. कल्चर निगेटिव्ह आलं. ती दोघं आता तिकडे आहेत.

सगळ्यात अवघड गोष्ट मुलांची आहे. फोंड्याची एक आई माझ्या मैत्रिणीच्या ओळखीनं आली. तिचा नऊ वर्षांचा मुलगा चालत नाही, बोलणंही तुटक. नवऱ्याला कॅनडाचं काम चालून आलं होतं. तिनं हळू आवाजात विचारलं, "अर्जात त्याचं नाव घातलंच नाही तर? आजीकडे राहील."

मी तिला सांगितलं ते सगळ्या आईबापांना सांगते. मुलाचं नाव गाळू नका. कॅनडात सुरुवातीच्या अर्जात न दाखवलेल्या, न तपासलेल्या मुलाला पुढं कुटुंब म्हणून बोलावण्याची वाट सहसा बंद होते. आज आजीकडे ठेवलेला मुलगा कायमचाच आजीकडे राहील. उलट, २०१८ मध्ये कॅनडानं खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि खास शिक्षण व पुनर्वसन सेवांचा खर्च त्या हिशेबातून वगळला. असं मूल असलेल्या घरांना त्यामुळे केवढा दिलासा मिळाला असेल! ऑस्ट्रेलियात मात्र कायमच्या व्हिसाला घरातला एक नापास झाला तर सगळेच नापास, असा नियम आहे. म्हणून देश निवडण्याआधीच त्याचा आरोग्याचा नियम वाचायला हवा. पैसे भरून झाल्यावर वाचून उपयोग नाही.

त्या आईनं मुलाच्या औषधांची यादी किमतीसकट केली. फिजिओथेरपिस्टकडून पत्र आणलं. शाळेच्या बाईंनी दोन पानं लिहून दिली, त्याला चित्रं ओळखता येतात, मित्र आहेत, वर्गात तो रमतो. तिघांची नावं अर्जात गेली. त्यांच्या मेडिकलची तारीख पुढच्या सोमवारची आहे.