आईवरचा आळ आणि जुळ्यांचा पुरावा

श्रोतेहो, नमस्कार.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, यात मूल आपल्यातच गुंतलेलं असतं, इतरांशी बोलणं-मिसळणं त्याला जड जातं. अशा मुलाच्या घरात पहिली विचारणा होते ती "कुणामुळं झालं?" अशी. आपल्या परभणी-हिंगोलीकडं उत्तर तयारच असतं. दवाखान्यात सासूबाई सुनेसमोरच सांगतात, "डॉक्टरसायब, हिच्या माहेराकडंच कायतरी असंल."

पण हा आळ फक्त आपल्याकडंच घेतात असं समजू नका. 1943 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझम जगासमोर मांडला. त्यानंतर कितीतरी वर्षं भलेभले तज्ज्ञ लिहीत राहिले, की आई मायेला कोरडी म्हणून मूल असं. 'फ्रिजसारखी थंड आई' असं नावच पडलं. मला विचाराल तर यापेक्षा आपला देवऋषी परवडला, तो निदान बाहेरच्या बाधेवर ढकलतो!

हा आळ पुराव्यानं पुसण्यात मोठा वाटा मायकेल रटर यांचा. जन्म 1933 चा, लेबनॉनमधला, आईवडील इंग्रज. दुसऱ्या महायुद्धात लहानपणीच आईवडिलांपासून दूर अमेरिकेत राहावं लागलं. पुढं लंडनच्या मॉड्स्ली या मानसोपचार रुग्णालयाशी आयुष्य जोडलं गेलं, आणि बालमानसोपचार या विषयाचे ते ब्रिटनमधले पहिले प्राध्यापक झाले.

त्या काळी ऑटिझम आनुवंशिक असेल हे फारसं कुणाला पटत नव्हतं. तज्ज्ञ म्हणत, स्वमग्न माणसं क्वचितच लग्न करतात, मग हे पिढ्यांतून उतरणार कसं? आणि भावंडांत तरी शंभरात दोघांनाच दिसतं. आता हे 'दोघांनाच' जरा थांबून ऐका. त्या वेळच्या मोजणीत इतर मुलांमध्ये ऑटिझम दहा हजारांत चौघांना सापडत होता. म्हणजे भावंडांमध्ये प्रमाण पन्नास पट!

मग रटर आणि सुसान फोल्स्टीन यांनी ब्रिटनभर शोधून अशी जुळी जमवली, ज्यांतलं एक तरी मूल स्वमग्न होतं. जोड्या मिळाल्या 21. त्यांतल्या 11 हुबेहूब, एकाच बीजापासून झालेल्या, म्हणून दोघांची जनुकं, म्हणजे आईबापाकडून आलेल्या शरीर घडवण्याच्या सूचना, सारखीच. 10 नुसत्या पाठच्या भावंडांसारख्या, फक्त एका वेळी जन्मलेल्या. दोन्ही प्रकारची जुळी एकाच आईच्या हाताखाली वाढतात. आईच्या वागण्यानंच होत असेल, तर दोन्हीकडं सारखंच दिसायला हवं होतं. 1977 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. हुबेहूब 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोघंही स्वमग्न. दुसऱ्या 10 जोड्यांपैकी एकीतही नाही. म्हणजे मूळ आईच्या मायेत नाही, जनुकांत शोधायला हवं. निदान करताना जोडी कुठल्या प्रकारची हे झाकून ठेवलं होतं, म्हणजे मनाचा कल निकालात शिरायला जागा नव्हती.

अभ्यास तसा लहानच. पण 1995 मध्ये जास्त जोड्या घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा हुबेहूब जुळ्यांचा आकडा 60 टक्क्यांवर गेला. आणि रटर काही जनुकांचे भगत नव्हते. हुबेहूब 7 जोड्यांत एकच मूल स्वमग्न का, हे त्यांनी सोडून दिलं नाही. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली होती का, तेही तपासलं. पुढं वाढीच्या वातावरणाचा परिणाम पाहायला रुमानियाच्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक आलेल्या मुलांचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2021 मध्ये ते गेले, 88 व्या वर्षी.

जनुकं सापडू लागली ती 2003 च्या आसपास. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस बूर्जरों यांच्या गटाला मेंदूतल्या पेशींचे सांधे जुळवणाऱ्या जनुकांत बिघाड दिसला. 2020 च्या एका मोठ्या अभ्यासात ऑटिझमशी संबंध असलेली 102 जनुकं पुढं आली.

आता सासूबाई म्हणतील, "बघा, रक्तातलंच निघालं की!" तर ऐका. यातले पुष्कळ बदल आईतही नसतात आणि बापातही नसतात. बीज तयार होताना ते नव्यानंच घडतात. अशा नव्या बदलांपैकी बहुतेक बापाच्या बीजातून येतात, आणि बापाचं वय वाढेल तसे ते वाढतात. म्हणून आता बापाला धरायचं का? मुळीच नाही. ते कुणाच्या हातात नसतं. मामाची पोरगी करायची आपली रीत मात्र वेगळी गोष्ट आहे. जवळच्या नात्यात दोन्हीकडून एकच सदोष जनुक मुलाला मिळण्याची शक्यता वाढते, आणि काही कुटुंबांत ऑटिझम असाही आलेला आढळला आहे. लग्न जमवताना एवढं ध्यानात असू द्या.

जनुक कळलं म्हणून ऑटिझम बरा करणारं औषध आज कुठंही मिळत नाही. उपयोग होतो तो लवकर सुरू केलेल्या शिकवणीचा, बोलण्याच्या आणि वागण्याच्या सरावाचा. दीड वर्षाचं मूल नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, तर "आमच्यात पोरं उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा. ते जिल्हा रुग्णालयाकडं पाठवतील. पुढं दिव्यांग प्रमाणपत्रासाठी 40 प्रश्नांची एक भारतीय मोजपट्टी वापरतात. ती आपल्या शेजारच्या सिकंदराबादलाच तयार झाली आहे. त्या तपासणीत मुलाच्या रोजच्या वागण्याबद्दल बारीकसारीक विचारतात, तेव्हा जाताना आईला सोबत न्या आणि तिलाच बोलू द्या.

नमस्कार.