तिला जाऊन सांगू का, तू संपलीस म्हणून?

(वेलिंग्टन येथील कोजागिरी मेळाव्यातील भाषण, संपादित स्वरूपात)

नमस्कार मंडळी.

समितीनं मला ‘न्यूझीलंडमधली बावीस वर्षं’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी लिहूनही काढलं होतं. ते कागद घरीच ठेवून आलोय. गणपतीच्या पहिल्या दिवशी आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. समितीनं मला माफ करावं.

आरती झाली होती, मोदकांचा पहिला घाणा उतरला होता. तुमच्यातले आठ-दहा जण त्या दिवशी आमच्याकडे होते. शाळेत माओरी भाषा सप्ताह चालू होता, त्यामुळे लेकीनं सगळ्यांसमोर आपली पेपेहा, म्हणजे माओरी पद्धतीनं स्वतःची ओळख, म्हणून दाखवली. माझा डोंगर सह्याद्री, माझी नदी पंचगंगा. व्हिडिओवर आजोबांनी कोल्हापुरात डोळे पुसले. पण पेपेहात वाकाही लागते, आपले पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी. तिथं तिनं जागा मोकळी सोडली होती. तिनं विचारलं, “बाबा, आपली वाका कोणती?” कोणीतरी म्हणालं, “बोइंग!” सगळे हसले.

मग बोलणं वळलं ते कोण इथलं मूळचं, याकडे. तेव्हा मी अगदी सहज म्हणालो, “तसं बघितलं तर माओरी तरी कुठे इथले? त्यांच्या आधी मोरिओरी होते. यांनी त्यांना मारून संपवलं. सगळेच उपरे.” चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

लेक हातात मोदकाची ताटली घेऊन उभी होती. ती म्हणाली, “बाबा, माझ्या वर्गात एक मोरिओरी मुलगी आहे. तिला जाऊन सांगू का, तू संपलीस म्हणून?”

ताटली ठेवून ती आत गेली. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बावीस वर्षं मी हे वाक्य बोलत आलो. कुठून उचललं ते मला चांगलं आठवतं. पहिल्या नोकरीत, पहिल्याच महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत एका वरिष्ठानं मला ते सांगितलं होतं. मी नवीन होतो, इंग्रजी अडखळत होतं, आणि कोणीतरी प्रेमानं शेजारी बसवून देशाची ओळख करून देतंय याचंच मला अप्रूप होतं. नव्या देशात आपल्याला इतिहास कोण सांगतं? ज्यानं नोकरी दिली तो, ज्यानं घर भाड्यानं दिलं तो. आपण तो टॅक्स नंबरासारखा जपून ठेवतो आणि पुढच्या नव्या माणसाला देतो. इथे बसलेल्या किमान तिघांना ही गोष्ट मीच सांगितली आहे. आज ती परत घ्यायला उभा आहे.

गेले काही आठवडे मी यावर मिळेल ते वाचतोय. मोरिओरी हे न्यूझीलंडच्या मुख्य बेटांवरचे लोक नव्हेतच. ते रेकोहूचे, म्हणजे आपण ज्यांना चॅटम बेटं म्हणतो तिथले, इथून पूर्वेला साधारण आठशे किलोमीटरवर. माओरींचे आणि त्यांचे पूर्वज एकच, पॉलिनेशियाचे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी ते त्या बेटांवर पोचले, बहुधा इथूनच. त्या थंडीवाऱ्यात रताळं रुजत नाही, म्हणून सील, मासे आणि पक्षी यांवर जगले. भाषा माओरीच्या सख्ख्या बहिणीसारखी. आपण वंशावळ म्हणतो त्याला माओरीत ‘फाकापापा’ आणि मोरिओरीत ‘होकोपापा’. ‘माओरी’ आणि ‘मोरिओरी’ हे शब्दसुद्धा एकाच मुळाचे.

त्यांच्यात नुनुकू नावाचा एक पूर्वज होऊन गेला. त्यानं घालून दिलं की माणसानं माणसाला मारायचं नाही. भांडण झालंच तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीनं, आणि पहिलं रक्त दिसलं की थांबायचं. पिढ्यान् पिढ्या त्यांनी हे पाळलं. १७९१ मध्ये ‘चॅटम’ नावाचं ब्रिटिश जहाज तिथं लागलं, झटापटीत त्यांचा एक माणूस गोळी लागून मेला. त्यानंतर वडीलधाऱ्यांनी बसून विचार केला आणि दोष काही अंशी आपल्याही माणसाचा होता असं ठरवलं.

आणि मग १८३५. हा भाग सांगताना मला खिडकीकडे बघवत नाही, कारण ते जहाज आपल्याच बंदरातून सुटलं. ङाती मुतुंगा आणि ङाती तामा या दोन जमातींचे सुमारे नऊशे लोक ‘लॉर्ड रॉडनी’ जहाजातून दोन खेपांत तिकडे गेले, नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये. (क ख ग घ नंतरचा ङ आपण शाळेत घोकला आणि सोडून दिला, इथं तो माणसांच्या नावाच्या सुरुवातीला उभा आहे. निदान आपण तरी ही नावं नीट उच्चारावीत.) हे लोकही बंदुकांच्या लढायांत तारानाकीतल्या आपल्या जमिनीवरून उखडले गेलेले होते. मोरिओरी ‘ते आवापाटिकी’ या ठिकाणी जमले. तरुण म्हणाले, नुनुकूचा नियम आपल्या आपल्यात होता, आता लढू. दोन वृद्धांनी, तापाटा आणि टोरेआ यांनी, सांगितलं की हा नियम जीव वाचवायची युक्ती नाही, हा धर्म आहे, तो सोडता येणार नाही. त्यांनी लढायचं नाही असं ठरवलं. सुमारे सतराशे लोकांपैकी तीनशेच्या आसपास मारले गेले, बाकीचे गुलाम झाले. त्यांना आपापसात लग्न करायला बंदी, आपली भाषा बोलायला बंदी. १८४२ मध्ये बेटं ब्रिटिश अमलाखाली आली, तरी गुलामी १८६३ पर्यंत चालू राहिली. १८६२ मध्ये १०१ मोरिओरी उरले होते.

म्हणजे हत्याकांड झालं. ते मी लपवत नाही, कोणी लपवू नये. पण ते रेकोहूवर झालं, १८३५ साली, दोन जमातींच्या हातून, युरोपियन जहाजातून जाऊन. मी सांगत होतो ते वेगळंच होतं. ‘माओरींच्या आधी या देशात दुसरे लोक होते, काळे, आळशी, दुबळे, आणि माओरींनी त्यांचा देश घेतला’ ही कहाणी रचली गेली ती नंतर, आणि ती रचणाऱ्यांत पुढे होते पर्सी स्मिथ. ते होते इथले सर्व्हेअर जनरल, माओरींची जमीन मोजणाऱ्या खात्याचे प्रमुख. त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी माओरी वृद्धांच्या कथा कापून जोडून माओरींना इथं आणणाऱ्या होड्यांचा १३५० सालचा एक ‘महाताफा’ तयार केला, त्याआधी एक हीन जमात बसवली, आणि १९१६ मध्ये ते शाळेतल्या मुलांच्या ‘स्कूल जर्नल’मध्ये छापून आलं. एच. डी. स्किनर या अभ्यासकानं १९२३ मध्येच दाखवून दिलं होतं की मोरिओरी पॉलिनेशियनच. पण मुलांनी जे वाचलं ते वाचलं. त्या मुलांच्या मुलांपैकी एकानं ते मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं.

ही कहाणी टिकली, कारण ती सोयीची होती. यांनी त्यांची जमीन घेतली, मग आम्ही यांची घेतली, हा जगाचाच नियम, असं म्हणता येतं. आणि ‘काळे, आळशी, दुबळे’ हे शब्द आपल्याला परके आहेत का? त्याच ब्रिटिश साम्राज्यानं आपल्याकडे १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पारध्यांच्या पोरांच्या कपाळावरचा तो शिक्का आजही पुसलेला नाही. आपल्या गावच्या पोलीस पाटलाच्या ओट्यावर आपण ते ऐकत मोठे झालो.

आता तुमच्यावर थोडा रागावतो, हक्कानं. शिवजयंती तिथीनं करायची की तारखेनं, यावर आपला ग्रुप रात्री दोनपर्यंत जागा असतो. कुठल्या मालिकेत एक प्रसंग चुकीचा दाखवला की ‘इतिहासाची मोडतोड’ म्हणून आपण पेटून उठतो. मला ते आवडतं, तो आपला जिवंतपणा आहे. पण ज्या जमिनीवर आपण घर बांधलं, तिच्या इतिहासाला ही कळकळ लावायची नाही का?

त्याच ग्रुपवर गेल्या महिन्यात तीनदा एक मजकूर फिरला: चोळांनी न्यूझीलंड शोधलं, माओरी मूळचे भारतीय, पुरावा म्हणून तमिळ घंटा. ती घंटा खरी आहे. ती ‘ते पापा’ नावाच्या संग्रहालयात आहे, इथून गाडीनं वीस मिनिटं. विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला ती १८३० च्या दशकात उत्तरेकडे मिळाली, माओरी तिच्यात बटाटे शिजवत होते. पण तिच्यावर लिहिलंय ते मोहयदीन बख्श यांच्या जहाजाची घंटा असं. एका तमिळ मुसलमान दर्यावर्दीचं नाव आहे ते, राजेंद्र चोळाचं नाही. एक घंटा समुद्र ओलांडून कशीही येऊ शकते. तिच्यामागून एक अख्खा समाज आला असं होत नाही.

माओरी भारतातून आले ही कल्पनाही आपली नाही, ती त्याच मंडळींची. १८८५ मध्ये एडवर्ड ट्रेगियर यांनी ‘द आर्यन माओरी’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि माओरी शब्दांत संस्कृतातल्या ‘गो’ची आठवण शोधली. या बेटांवर युरोपियन येईपर्यंत गाय नव्हती! पर्सी स्मिथही माओरींना हिंदुस्थानापर्यंत घेऊन गेले होते. आपल्यातल्या एका ताईंच्या आरोहीला शाळेत सगळे ‘आरोहा’ म्हणतात, आरोहा म्हणजे प्रेम, आणि आपल्याला केवढं भरून येतं. मलाही येतं. पण ते नातं ध्वनीच्या योगायोगाचं आहे. माओरीत पाचाला ‘रिमा’; सामोआत हाताला ‘लिमा’ आणि पाचालाही ‘लिमा’, मलायात पाच म्हणजे ‘लिमा’. नातं त्या बाजूला आहे. पाच हजार वर्षांपूर्वी तैवानहून निघालेली माणसं बेटामागून बेट गाठत, तारे आणि लाटा वाचत, साधारण तेराव्या शतकाच्या सुमारास इथवर आली. त्यांचा एवढा मोठा पराक्रम, तो आपण आपल्या नावावर का लावून घ्यायचा?

पुन्हा लेकीच्या प्रश्नाकडे येतो. ‘संपले’ हा शब्द मी कुठून आणला? टॉमी सॉलोमन १९३३ मध्ये वारले, तेव्हा त्यांना ‘शेवटचे शुद्ध रक्ताचे मोरिओरी’ म्हटलं गेलं. त्यांची मुलं त्यांच्या मागे होती! बाप मोरिओरी, आणि मुलं कोणीच नाहीत? रक्त मापानं मोजायचा हा हिशोब आपल्या कुठल्या घराण्याला लावला तर टिकेल?

१८६२ मध्ये त्यांच्या वडीलधाऱ्यांनी गव्हर्नर ग्रे यांना पत्र पाठवलं. सोबत एक यादी होती: १८३५ मध्ये हयात असलेल्या माणसांची नावं, सोळाशेवर, आठवणीतून, आणि त्यांचं पुढं काय झालं ते. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायला वर्गणी, भटजींच्या वह्या आणि तीस वर्षं लागली. या लोकांनी गुलामीत, सत्तावीस वर्षं, प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव तोंडात धरून ठेवलं. १८७० मध्ये जमीन न्यायालयानं सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त जमीन त्यांना गुलाम करणाऱ्यांना दिली. तरी ते राहिले. २००५ मध्ये त्यांनी रेकोहूवर कोपिंगा मराए, म्हणजे आपलं सभास्थान, उभारली. २०२० च्या फेब्रुवारीत तिथंच सरकारशी करार झाला, आणि सरकारनं माफी मागितली, त्यात मोरिओरी हीन होते आणि नामशेष झाले या समजाला हातभार लावल्याबद्दलही.

सरकारनं माफी मागितली तेव्हा मी इथंच होतो. बातम्यांत आलंही असेल. माझ्या कानावर पडलं नाही.

मी लेकीची माफी मागितली. ती म्हणाली, “ठीक आहे.” बारा वर्षांच्या मुलीचं ‘ठीक आहे’ कसं असतं ते इथल्या सगळ्या आईबाबांना माहीत आहे. मग मी म्हटलं, त्या तुझ्या मैत्रिणीला दिवाळीला फराळाला बोलाव, आईबाबांनाही घेऊन ये म्हणावं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग विचारलं, “तेव्हा काका लोक पण असतील का?”

मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.