सातव्या अध्यायातला सोमवंत

[दृश्य: सिद्धेश्वर मंदिराबाहेर बेल-फुलांचे ढीग. श्रावणी सोमवार.]

श्रावण लागला की सोलापुरात बेलाला भाव येतो. सिद्धेश्वराच्या दारात रांगा आणि घराघरांत शिवलीलामृताचं पारायण. सगळी पोथी वाचायला सवड नसेल, तर निदान अकरावा अध्याय. तेवढा तरी करच, असं आजी बजावते.

[दृश्य: लाल फडक्यातली पोथी. अकराव्या अध्यायाची पानं हळदीकुंकवाने डागाळलेली, कोपरे मऊ पडलेले. बोट चार अध्याय मागे जातं. इथली पानं अजून करकरीत.]

पोथी लिहिणारे श्रीधरस्वामी नाझऱ्याचे, म्हणजे आपल्याच सांगोला तालुक्यातले. १७१८ मध्ये बारामतीत त्यांनी ती लिहून पूर्ण केली. सातव्या अध्यायातली ही गोष्ट त्याहून जुनी, स्कंदपुराणातली.

विदर्भात दोन ब्राह्मण, एकमेकांचे स्नेही. त्यांची मुलं सुमेधा आणि सोमवंत. दोघं एकत्र वाढले, एकत्र शिकले, लग्नाचे झाले. पण गाठीला पैसा नाही. म्हणून राजाकडे गेले. राजाला लहर आली. म्हणाला, सीमंतिनी राणी सोमवारी दांपत्यांची पूजा करते, दक्षिणाही भरपूर देते. तुमच्यातल्या एकाने बायको व्हा आणि जा. पोरांनी आढेवेढे घेतले, पण राजापुढे कुणाचं चालतंय? सोमवंताला लुगडं नेसवलं, कुंकू लावलं, दागिने घातले. सीमंतिनीने सोंग ओळखलं. हसली. आणि तरीही शंकर-पार्वती मानून दोघांची मनोभावे पूजा केली.

परतीच्या वाटेवर सोमवंत खरोखरच बाई झालेला असतो. रानात ती सुमेधाला जवळ बोलावते. त्याला आधी थट्टा वाटते. मग नीट बघतो, आणि त्याचंही चित्त ठिकाणावर राहत नाही. तरी म्हणतो, आधी घरी जाऊ, वडीलधाऱ्यांच्या कानावर घालू. घरी रडारड. सोमवंताचा बाप राजाला धारेवर धरतो: माझा एकुलता एक मुलगा घालवलास! राजा देवीची करुणा भाकतो. देवी म्हणते, माझ्या भक्त सीमंतिनीने केलेलं मला मोडता येणार नाही. बापाला दुसरा मुलगा होईल. या दोघांचं लग्न लावून द्या.

आणि लग्न लागतं. दर संक्रांतीला जिथे कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागतं आणि अख्खं गाव अक्षता टाकतं, त्या सोलापूरला यात फार नवल वाटू नये.

[दृश्य: नंदीध्वज, संमती कट्टा, अक्षता.]

आता ही समलिंगी प्रेमाची गोष्ट म्हणायची का? रूथ वनिता आणि सलीम किडवई यांनी २००० साली भारतीय साहित्यातल्या अशा प्रेमाचं संकलन केलं, त्यात ती घेतलीय. घेतली ते बरंच केलं. पण एक गोष्ट खटकतेच. दोन मित्रांचं लग्न झालं, ते एकाचं शरीर बदलल्यावर. सोमवंताला काय हवंय, हे बाई होण्याआधी कुणी विचारत नाही. चमत्काराने वाट मोकळी केली खरी, पण तिथेच जकात नाकंही बसवलं.

ही जकात तिकडे युरोपातही भरावी लागली. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसनची जलपरीची परीकथा आली १८३७ मध्ये. आदल्याच वर्षी त्याचा मित्र एडवर्ड कॉलिन बोहल्यावर चढला होता. या मित्राला अँडरसनने लिहिलेली पत्रं वाचली की ती नुसत्या मैत्रीची वाटत नाहीत. जलपरी राजपुत्रासाठी शेपूट सोडते, जीभ कापून देते, आणि त्याच्या लग्नात नवरीच्या झग्याचा घोळ धरून मुकाट उभी राहते. ऑस्कर वाइल्डची ‘सुखी राजपुत्र’ ही कथा १८८८ची. हा राजपुत्र म्हणजे एक पुतळा, आणि त्याच्यावर जीव जडलेली ती पाकोळी. वाइल्डने हा पक्षी नर म्हणूनच लिहिलाय. थंडीने मरायची वेळ येते, तेव्हा तो राजपुत्राच्या ओठांचं चुंबन घेतो आणि पायाशी पडतो. पुतळ्याचं शिशाचं काळीज दुभंगतं. आपल्याला ही दानधर्माची गोष्ट म्हणून सांगितली गेली. १८९५ मध्ये पुरुषांशी संबंध ठेवले म्हणून वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

[दृश्य: वाळवंट, तिन्हीसांज.]

जकात परत मागितली ती राजस्थानातल्या बोरुंदा गावच्या विजयदान देथांनी. लोककथेच्या बाजात सांगितलेली त्यांची कथा हिंदीत ‘दोहरी जिंदगी’ म्हणून आली. दोन शेठ मुलं जन्मायच्या आधीच सोयरीक ठरवतात. दोघांनाही मुलीच होतात. त्यातला एक लोभी. तो आपल्या बीजाला मुलगा म्हणून वाढवतो आणि तीजाशी तिचं लग्न लावतो. पहिल्या रात्री उलगडा होतो. दोघी घाबरत नाहीत, एकत्र राहायचं ठरवतात. गाव उठतं. दोघींना थारा देतात ती भुतं! भुतांचा सरदार बीजाला पुरुषही करून देतो. आणि इथे देथा खरी मेख मारतात. पुरुष झालेली बीजा नवरेगिरी करायला लागते, तीजावर अरेरावी करते. शुद्धीवर आल्यावर म्हणते, नको हे, मला पुन्हा बाई कर.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालयाची इमारत.]

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाबद्दलचा निकाल आला. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला न्यायालयाने मान्यता दिली नाही. पारलिंगी बाईला मात्र पुरुषाशी लग्न करता येईल, असं सांगितलं. म्हणजे सुमेधा आणि बाई झालेला सोमवंत आज सोलापुरात विवाह नोंदणीला गेले, तर त्यांची नोंद व्हायला हवी. बीजा-तीजाचा अर्ज परत येईल.