विकलेल्या पेन्शनचा हिशेब

(दृश्य: सोलापूर. महिन्याचा पहिला आठवडा. बँकेत पासबुक भरून घेणाऱ्या पेन्शनरांची रांग.)

दोन पेन्शनर भेटले की तब्येतीची चौकशी होते आणि मग पुढचा प्रश्न येतो, "विकलेली पेन्शन चालू झाली का?" कागदोपत्री हे अंशराशीकरण. मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग सरकारला द्यायचा, बदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे. विकलेला भाग मग १५ वर्षं दरमहा पेन्शनमधून कापला जातो. ही कपात न्याय्य आहे का, यावर व्हॉट्सअ‍ॅपवर रोज भांडणं होतात. आकडेमोड मात्र फार थोडे जण करतात.

तहसील कचेरीतला एक अव्वल कारकून धरू. जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला हीच तारीख दिलेली. म्हणून ३१ मे रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्ती. शेवटचा मूळ पगार ६०,०००, म्हणजे पेन्शन ३०,०००. त्याचे ४० टक्के १२,०००. पुढच्या वाढदिवसाला वय ५९, त्यासाठी सरकारच्या अंशराशीकरण तक्त्यातला गुणक (वर्षभराच्या विकलेल्या पेन्शनच्या किती पट पैसे मिळणार, तो आकडा) ८.३७१. बारा हजार गुणिले बारा महिने गुणिले ८.३७१, म्हणजे हातात १२,०५,४२४ रुपये, तेही करमुक्त. जुळे सोलापुरातल्या घराचा शेवटचा हप्ता नाहीतर मुलीचं लग्न, बहुतेकांची रक्कम अशीच कामी येते.

आता कपात. १२,००० गुणिले १८० महिने, म्हणजे २१ लाख ६० हजार. घेतले बारा लाख, फेडले साडेएकवीस. "साडेआठ वर्षांत मुद्दल फिटलं, उरलेली लूट" हा मेसेज इथूनच निघतो.

तो हिशेब चुकीचा आहे, कारण त्यात व्याजच धरलेलं नाही. तक्ता ८ टक्के व्याजावर बेतलेला आहे. त्या दराने हीच रक्कम १३ वर्षं ११ महिन्यांत फिटते. मग उरलेले तेरा महिने कशाचे? ते मरणाच्या जोखमीचे. पेन्शनर पाचव्या वर्षी गेला तर राहिलेली रक्कम सरकार कुणाकडूनही वसूल करत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरतं, त्यातून एक पैसाही कापला जात नाही. बँकेच्या कर्जात ही सोय फुकट मिळत नाही. ८ टक्क्यांनी, जोखीम न धरता, १५ वर्षांच्या हप्त्यांची किंमत सुमारे १२ लाख ५५ हजार येते. मिळाले १२ लाख ५ हजार. मधले पन्नास हजार हा एका परीने विम्याचा हप्ता.

म्हणजे १५ वर्षं बरोबर? तेही नाही. हा तक्ता सहाव्या वेतन आयोगानंतरचा. त्याआधीच्या तक्त्यात याच वयाला गुणक १०.४६ होता. पुढे व्याजदर उतरले, सरकारी कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आला, पण तक्ता ८ टक्क्यांवरच राहिला. ठेवीवर ७.१ द्यायचे आणि पेन्शन विकत घेताना ८ लावायचे, आक्षेप घ्यायचा तो इथे. ७.१ टक्के धरून, जोखमीचे पन्नास हजार मान्य करूनही, हा व्यवहार साधारण साडेतेरा वर्षांत पुरा होतो. अन्याय आहे, पण तो सव्वा-दीड वर्षाचा. साडेसहा वर्षांचा नाही.

पंधरा वर्षांची मुदत आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या निकालानंतर. त्याआधी कपात मरेपर्यंत चालायची. पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाने १२ वर्षं सुचवली होती, सरकारने ती मानली नाहीत. केरळात मात्र १२ वर्षांनीच पूर्ण पेन्शन सुरू होते.

(दृश्य: पेन्शनची स्लिप जवळून. बोट एकेका ओळीवर थांबतं.)

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर स्वतःचा पैसा स्लिपवर पाहावा. राज्य सरकारच्या 'निवृत्तीवेतनवाहिनी' या पेन्शनच्या संकेतस्थळावर ती मिळते. पहिली ओळ मूळ पेन्शन: ३०,०००. मग अंशराशीकरणाची वजावट: १२,०००. मग महागाई भत्ता. तो नेहमी पूर्ण ३०,००० वर हवा. भत्ता ५० टक्के धरला तर १५,००० दिसले पाहिजेत. ९,००० दिसले तर कुणीतरी तो उरलेल्या १८,००० वर काढलाय.

दुसरी गडबड तारखेची. महालेखापालांकडून पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरण असे तीन आदेश येतात. पैसे उशिरा जमा झाले आणि कपात मात्र निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून धरली, तर मधल्या महिन्यांची कपात परत मागता येते. म्हणून एकरकमी पैसे जमा झाल्याची पासबुकातली नोंद आणि पहिल्या कपातीचा महिना, दोन्हींची झेरॉक्स पेन्शन आदेशाच्या प्रतीसोबत ठेवा. पंधरा वर्षं मोजायची ती कपात सुरू झाली तिथून. मधे बँक किंवा कोषागार बदललं असेल, करमाळ्याहून बार्शीला, बार्शीहून सोलापूरला, तर ही तारीख नव्या नोंदीत उतरायची राहू शकते आणि कपात सोळाव्या वर्षातही चालू राहते. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी कोषागारात साधा अर्ज द्यावा, पोच घ्यावी. उशीर झाला तरी फरक थकबाकी म्हणून मिळतो.

पेन्शन पूर्ववत झाली की वाढतात फक्त १२,०००. भत्ता आधीपासून पूर्ण पेन्शनवर मिळत असतो, त्यामुळे तो वाढत नाही. "एवढेच कसे?" म्हणून कोषागारात चढणाऱ्या निम्म्या तक्रारींचं उत्तर हेच असावं.

आणि ज्यांनी अजून अर्ज भरलेला नाही, त्यांच्यासाठी. ४० टक्के ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. दहा किंवा वीस टक्केही विकता येतात. निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, नंतर लागते, शिवाय वय वाढलं की गुणक उतरतो. एकदा पैसे घेतले की मुदतीआधी परत करून कपात थांबवता येत नाही. डोक्यावर ११-१२ टक्क्यांचं कर्ज असेल तर पेन्शन विकून ते फेडणं फायद्याचं. रक्कम नुसती मुदत ठेवीत ठेवायची असेल, तर ठेवीचा दर आणि तक्त्यातले ८ टक्के एका कागदावर शेजारी लिहून पाहा, मगच सही करा.