ज्याला कुणी पकडू शकत नव्हतं

(दृश्य: रात्रीचा सामना, प्रकाशझोतातलं मैदान)

मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान, 8 ऑक्टोबर 2011. रग्बी लीग या रग्बीच्या प्रकारातल्या सुपर लीग या सर्वोच्च स्पर्धेची अंतिम लढत. लीड्स ऱ्हायनोजचा तो बुटका खेळाडू बघा, जो बदली म्हणून आत आलाय. उंची 5 फूट 5 इंच. समोर सेंट हेलेन्सचे शंभर किलोच्या आसपासचे गडी. चेंडू हातात येताच तो सुटतो. अडवायला आलेल्या हाताखालून वाकून निसटतो, शेवटच्या बचावपटूला हुलकावणी देतो आणि थेट रेषेपलीकडे जातो. सामना लीड्सने 32-16 असा जिंकला. सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकमताने एकच नाव आलं: रॉब बरो.

यॉर्कशरमधल्या पाँटिफ्रॅक्ट, फेदरस्टोन, कॅसलफर्ड या जुन्या कोळसाखाणींच्या गावांतला हा पोरगा. रग्बी लीग हा खेळच कष्टकऱ्यांचा. सामन्यासाठी बुडालेली मजुरी मिळावी, या मागणीवरून 1895 मध्ये उत्तरेतले क्लब वेगळे झाले आणि तेरा खेळाडूंचा हा प्रकार पुढे घडत गेला. अशा अंगमेहनतीच्या खेळात रॉबला लहानपणापासून एकच ऐकावं लागलं: तू फार लहान आहेस. त्याने मात्र 2001 ते 2017 एकाच क्लबकडून 492 सामने खेळले आणि आठ वेळा सुपर लीगचं विजेतेपद मिळवलं. त्यातलं पहिलं 2004 चं, आणि लीड्सने त्याआधीचं अजिंक्यपद 1972 मध्ये पाहिलं होतं. आजोबांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट नातवांना डोळ्यांनी दिसली, ती या पिढीमुळे.

डिसेंबर 2019. निवृत्तीला दोन वर्षं झालेली. वय 37. घरी तीन लहान मुलं. आणि निदान झालं, मोटर न्यूरॉन डिसीज.

स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे हा आजार आपल्याला ऐकून माहीत आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, त्याच एकेक करून मरत जातात. हात जातात, पाय जातात, वाचा जाते, गिळणं अवघड होतं, शेवटी श्वासावर येतं. बहुतेकदा बुद्धी मात्र शाबूत राहते. आपलं काय होतंय ते माणसाला सगळं कळत असतं. हा आजार बरा करणारं औषध नाही.

12 जानेवारी 2020 रोजी लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर ब्रॅडफर्डविरुद्ध सामना झाला. स्टेडियम भरून गेलं होतं. शेवटची काही मिनिटं रॉब पुन्हा लीड्सची जर्सी घालून मैदानात उतरला. त्या दिवशी उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक होतं की हे पुन्हा दिसणार नाही.

पुढची साडेचार वर्षं त्याने दार लावून घेतलं नाही, आणि आम्हाला वाटतं त्याचं खरं धाडस इथेच आहे. ज्याची ओळखच वेग होती, त्याने आपलं थांबत जाणारं शरीर कॅमेऱ्यासमोर येऊ दिलं. भरवून घेताना, उचलून नेताना लोकांनी पाहिलं तरी चालेल, पण हा आजार घराघरांत काय करतो ते दिसू दे, असं त्याने ठरवलं. वाचा गेल्यावर तो डोळ्यांच्या हालचालींनी संगणकावर अक्षरं निवडायचा आणि यंत्रातून त्याच्याच जुन्या आवाजावरून तयार केलेला यॉर्कशरी आवाज यायचा.

पत्नी लिंडसी फिजिओथेरपिस्ट. शाळेच्या वयापासूनची सोबत. निदानानंतर रॉबने तिला सांगितलं होतं, तू दुसरं कुणीतरी शोध, सुखात राहा. तिने ते मनावर घेतलं नाही. नोकरी, मुलं आणि रॉबची शुश्रूषा, तिन्ही तिने सांभाळली. शौर्याच्या गोष्टीत सेवा करणाऱ्याचं नाव मागे राहून जातं. इथे तसं होऊ नये.

आणि केव्हिन सिनफील्ड, त्याचा जुना कर्णधार. रॉबच्या जर्सीचा क्रमांक 7, म्हणून डिसेंबर 2020 मध्ये सिनफील्ड सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. 77,777 पौंड जमावेत एवढीच अपेक्षा होती, जमले वीस लाखांहून जास्त. पुढच्या वर्षी लेस्टर ते लीड्स, 24 तासांत 101 मैल.

(दृश्य: 14 मे 2023, लीड्स मॅरेथॉन)

हे रॉबच्या नावाच्या पहिल्या मॅरेथॉनमधलं. लीड्सचे चढउतार, 42 किलोमीटर, रॉब चाकांच्या खुर्चीत आणि मागून ढकलणारा सिनफील्ड. समाप्तीची रेषा काही पावलांवर असताना तो थांबतो. वाकतो. मित्राला दोन्ही हातांवर उचलून घेतो आणि रेषा ओलांडतो. गालाला गाल लागलेले. त्याच शर्यतीत लिंडसीही धावली होती.

(काही क्षण निवेदन नाही)

2 जून 2024. रॉब गेला. वय 41.

7 जुलैला, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी त्याला निरोप दिला गेला. लहानपणी तो जिथे खेळला त्या फेदरस्टोन लायन्स क्लबवरून अंत्ययात्रा गेली. रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती, कित्येकांच्या अंगावर लीड्सची निळी-पिवळी जर्सी. काही लोक टाळ्या वाजवत होते, बरेच जण नुसतेच रडत होते.

त्याआधी, रॉब गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 3 जूनला, लीड्सच्या सीक्रॉफ्ट रुग्णालयात खोदकाम सुरू झालं होतं. त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचा हा मुहूर्त आधीच ठरलेला होता आणि तो पुढे ढकलला गेला नाही. चालता न येणाऱ्या, बोलता न येणाऱ्या रुग्णाला एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरावं लागू नये, डॉक्टर, थेरपिस्ट आणि घरच्यांना बसून बोलायला शांत जागा, सगळं एका छपराखाली मिळावं, हा रॉबच्या डॉक्टर आगम जंग यांचा ध्यास होता. 68 लाख पौंड उभारायचे होते. सिनफील्ड धावला तेव्हा, हेडिंग्लीच्या दारात डबे फिरले तेव्हा, शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले तेव्हा ते जमत गेले. या केंद्रात येणाऱ्या बहुतेक रुग्णांनी रॉबला कधी खेळताना पाहिलेलं नसेल.